ग्रुपमध्ये निर्णय घ्यायचे कसे आणि नवी पोरं टिकवायची कशी?

सुतारवाडा_ते_शिरोली

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचा पूरमदतीचा एक ग्रुप आहे कोल्हापुरात. नोंदणी-बिंदणी काही नाही, २०१९ च्या महापुरात जी पोरं एकत्र आली त्यातनं झालेला, २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा वाढला. पावसाळा लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसायचं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पुढचं गणित मांडायचं आणि सुतारवाडा, जामदार क्लब, तिकडं आंबेवाडी-चिखलीतली माणसं-जनावरं हलवायला हात द्यायचा. बाकी वर्षभर दोर, ट्यूब, औषधं सांभाळणं, चाऱ्याची सोय लावून ठेवणं, असलं फोटोत न येणारं काम.

पाणी आलं की कुणाला काही सांगावं लागत नाही. भांडणं होतात ती उन्हाळ्यात.

यंदा एका भल्या माणसानं बऱ्यापैकी रक्कम दिली, कशाला वापरायची ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. निम्म्यांचं म्हणणं रबरी बोट घेऊया इंजिनसकट, निम्म्यांचं म्हणणं बोट नको, लाइफ जॅकेटं घ्या आणि उरलेले चाऱ्याला ठेवा. आमच्या अ‍ॅडमिननं रात्री अकराला पोल टाकला, ‘बोट घ्यायची का, हो / नाही’, सकाळी आठला बंद केला, बोट दोन-चार मतांनी पुढं. आता शेतीची लाइट रात्रीची, ज्यांची उसाला पाणी पाजायची पाळी होती ते शेतात, त्यांनी पोल बघितलाच नाही. आणि नेमकी हीच माणसं बोट नको म्हणणारी. अ‍ॅडमिन म्हणतो मतदान झालं, विषय संपला. समोरचे म्हणतात संपला तर संपला, पुरात तुम्हीच जावा बोट घेऊन. त्यातला एकजण, ज्याला नदीचा कुठला भोवरा कुठं आहे ते अंधारात सांगता येतं, तो ग्रुप सोडून गेलाय. आणि टी-शर्टवर नाव पुढं छापायचं का पाठीवर यावर मात्र आठवडाभर चर्चा चाललीती!

दुसरं दुखणं नव्या पोरांचं. दरवर्षी जूनमध्ये स्टेटस टाकलं की कॉलेजची पंधरा-वीस पोरं-पोरी येतात, एकदम जोशात, आणि गणपतीपर्यंत त्यातली एक-दोन उरतात. जुने म्हणतात आजकालच्या पोरांना दम नाही. मला ते पटत नाही पण उत्तरही सापडत नाही.

तर विचारायचं हे की मतदान घ्यावं का सगळ्यांचं एकमत होईस्तोवर थांबावं? कालच आलेल्याला मत द्यावं का? आणि अ‍ॅडमिनचा शब्द शेवटचा असावा का नाही? तुमच्या मंडळात, तालमीत, सोसायटीत कसं करता ते सांगा.

---

गावठी_डेव्हलपर

मी मूळचा कळंब्याचा, सध्या पुण्यात कोड पाडतो. फुकट सॉफ्टवेअर बनवणारे लोक पंधरा देशांत बसून, एकमेकांचं तोंडही न बघता कितीतरी वर्षं भांडतायत, त्यामुळं त्यांनी भांडायचे नियम चांगले घासून घेतलेत. दोन-तीन सांगतो, तुम्हाला लागू पडतात का बघा.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये एक पद्धत आहे, तिला ते ‘आळशी सहमती’ म्हणतात. म्हणजे मी लिहायचं की मी अमुक करणार आहे, कुणाची हरकत नसेल तर. मग साधारण ७२ तास थांबायचं. कुणी काही बोललं नाही तर करून टाकायचं, प्रत्येक बारक्या गोष्टीला मतदान नको. ७२ तास कशाला तर कोण झोपलेला असतो, कोण सुट्टीवर असतो, कोण दुसऱ्या टोकाच्या देशात असतो, सगळ्यांच्या नजरेखालनं एकदा जावं म्हणून. तुमच्या पोलला रात्री अकरा ते सकाळी आठ दिले. गप्प बसणं म्हणजे होकार असं धरायचं असेल तर आधी बोलायला वेळ तरी द्यायला पाहिजे ना.

तिथं मत देताना +१ (हो), ० (काहीही चालेल) आणि -१ (नाही) लिहितात. आणि कोडच्या बदलाला कुणी -१ दिला तर तो नकाराधिकारच, काम थांबतं, पण त्याला तांत्रिक कारण द्यावंच लागतं. कारण नसलेला -१ धरतच नाहीत. ‘मला बरोबर वाटत नाही’ चालत नाही, काय बिघडेल ते सांगायचं.

दुसरं, इंटरनेटचे नियम जे ठरवतात ना, आयईटीएफ, तिथं मतदानच नाही. १९९२ मध्ये डेव्हिड क्लार्क तिथं बोलले होते त्याचा मथितार्थ असा, की आम्हाला राजे नकोत, अध्यक्ष नकोत, मतदान नको, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड पाहिजे. बैठकीत अध्यक्ष विचारतो की या बाजूचे किती, आणि लोक तोंड मिटून ‘हं’ असा आवाज काढतात. खरंच! हात वर केले की डोकी मोजली जातात, हुंकारात नुसता अंदाज येतो की खोली कुठं झुकलीय, मग विरोधात गुणगुणणाऱ्यांना विचारतात बोला, अडचण काय आहे. त्यांच्या २०१४ च्या एका कागदात (आरएफसी ७२८२) तर सरळ लिहिलंय की पाच जण बाजूनं आणि शंभर जण विरोधात असले तरी ढोबळ सहमती असू शकते, कारण बघायचं हे की हरकतीला उत्तर मिळालं का. शंभर जणांची हरकत एकच असेल आणि तिचं उत्तर देऊन झालं असेल तर शंभर वेळा मोजायची नाही. हरकत मान्यच केली पाहिजे असं नाही, पण तिचा विचार झालेला दिसला पाहिजे.

बोटीचं हेच राहिलंय. बोट नको म्हणणाऱ्यांची हरकत काय होती हे तुमच्या पोस्टमध्ये पण नाही बघा.

मतदानाचा हक्क कुणाला हा प्रश्न अपाचीमध्ये असा सोडवलाय की चर्चेत मत कुणीही द्यावं, पण बांधील मत, म्हणजे निर्णयात मोजलं जाणारं, हे काम करून दाखवलेल्यांचं. आलेल्याला ‘गप्प बस’ म्हणत नाहीत, आणि पहिल्याच दिवशी किल्ल्याही देत नाहीत.

---

निवृत्त_सुभेदार_कागल

ते ७२ तास तुमच्या कॉम्प्युटरला ठीक आहेत. राधानगरीचं दार उघडल्यावर ७२ तासांत निम्मं गाव पाण्यात असतंय. पाणी काय तुमच्या +१ ची वाट बघणार नाही.

मी फौजेत होतो आणि पुराच्या ड्युट्या केल्यात. पाण्यात एकाचंच ऐकायचं असतं. दोघांनी हुकूम दिला की दोर दोन्हीकडनं ओढला जातो आणि मधला माणूस जातो. म्हणून तुम्ही पहिल्यांदा हे वेगळं करा, की कुठलं काम चर्चेचं आणि कुठलं हुकमाचं. आणि हुकूम कोण देणार ते मे महिन्यातच ठरवा, लिहून लावा. सुतारवाड्याला कोण, चिखलीला कोण, तो नसला तर दुसरा कोण. पातळी ३९ ला आली की चर्चा बंद, त्या माणसाचं ऐकायचं. पाणी ३९ च्या खाली उतरलं की त्याचा अधिकार संपला, तो परत साधा मेंबर. आणि मग सगळ्यांनी बसून त्याला तोंडावर विचारायचं की तिथं असं का केलंस, तिथं तसं का केलं नाहीस. हे विचारणं राहिलं तर पुढच्या वर्षी कोण ऐकणार नाही.

आता फौजेतलीच दुसरी गोष्ट सांगतो, तुम्हाला वाटेल तिथं सगळं वरनंच चालतं. कोर्ट मार्शलमध्ये मेंबर लोकांचं मत विचारतात ते सगळ्यात ज्युनियरपासनं. कारण साहेबानं आधी तोंड उघडलं की खालचा लेफ्टनंट साहेबासारखंच बोलणार. तुमच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा कोण बोलतंय? सांगू का? अ‍ॅडमिन बोलतोय, मग त्याचे दोन मित्र, आणि मग मान हलवायचा कार्यक्रम. हे उलटं करून बघा. नवीन पोरगं पहिलं, अ‍ॅडमिन शेवट.

---

तांबडा_पांढरा_ओन्ली

सुभेदारसाहेब नाद खुळा 🙏 आमच्या तालमीत अध्यक्ष बोलायला सुरवात करतात आणि शेवटही तेच करतात, मधे कुणी नसतंच

---

उत्तरेश्वर_वहिनी

साहेबांचं पटलं. त्याला जोडून एक, कॉलेजात शिकलेलं आठवतंय, सॉलोमन अ‍ॅश नावाच्या माणसानं १९५० च्या सुमारास प्रयोग केलेला. रेघा दाखवायच्या आणि विचारायचं कुठली कुठल्याएवढी. अगदी उघड उत्तर. पण खोलीतली बाकीची माणसं आधीच पढवलेली, ती ठरवून चुकीचं सांगायची, आणि खरा माणूस बऱ्याचदा डोळ्यांनी दिसत असूनही त्यांच्यासारखंच सांगायचा. पण त्या पढवलेल्यांतल्या एकानं जरी बरोबर सांगितलं ना, तर मुकाट मान हलवणं एकदम कमी व्हायचं. एकच सोबती पुरतो माणसाला. म्हणून विरोधात बोलणाऱ्या पहिल्या माणसाला खाली बसवू नका, त्याच्यामागं तीन गप्प माणसं असतात.

आता माझं. मी सोसायटीची सेक्रेटरी होते आणि बचत गटातही आहे, त्यामुळं दोन्ही टोकं बघितलीत. आपल्या जिल्ह्यात सहकारी संस्थांच्या सभा कशा होतात ते काय सांगायला नको. विषय पत्रिकेवरचा पहिला विषय वाचायच्या आत पुढच्या रांगेतनं ‘मंजूर मंजूर’, मागनं ‘नामंजूर’, माइक कोण ओढतंय, पाच मिनिटांत सगळे विषय मंजूर आणि विरोधकांची बाहेर मांडवात समांतर सभा. कायद्यानं सगळं रीतसर हं! नोटीस १४ दिवस आधी, कोरम नाही झाला तर अर्ध्या तासानं त्याच जागी तहकूब सभा, इतिवृत्त वहीत. कागद बरोबर आणि मनं फाटलेली. तेव्हा नुसते नियम आणले म्हणून सुधारेल असं समजू नका.

पण त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत त्या घ्या. नोटीस आणि वही. नोटिशीत विषय आधी कळतो, माणूस घरी विचार करून येतो, शेतातल्याला निरोप मिळतो. आणि वहीत काय ठरलं एवढंच लिहू नका, का ठरलं आणि कुणाचं काय म्हणणं बाजूला राहिलं तेही लिहा. आमच्या गटात मी हे हट्टानं करायला लावलं. म्हणजे असं, ‘शेवया मशीन घ्यायचं ठरलं. दोघींचं म्हणणं होतं की लाइट जाते त्या वेळी मशीन पडून राहील. दिवाळीनंतर परत बघायचं.’ ज्यांचं ऐकलं गेलं नाही त्यांचंही नाव-शब्द वहीत आहे म्हटल्यावर रुसवा निम्मा उतरतो, आणि त्यांचं खरं निघालं तर ‘मी म्हटलं नव्हतं’ म्हणून भांडायला लागत नाही, पान उघडायचं फक्त.

गट आमचा बारा-पंधरा बायकांचा. एक फेरी पूर्ण होईपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही एवढा एकच नियम कडक पाळतो. सुरवातीला दोघीतिघी ‘माझं काही नाही, तुम्ही ठरवा’ म्हणायच्या. पाच-सहा महिन्यांनी त्यातलीच एक म्हणाली की कर्ज हिला नको द्यायला, मागचं फेडलेलं नाही. खोलीत शांतता! पण तिचंच बरोबर होतं.

---

नवीनच_आलेली

मी त्या ‘गणपतीपर्यंत गळणाऱ्या’ पोरींपैकी आहे, तुमच्या ग्रुपमधली नाही, दुसऱ्या एका. जुन्यांना राग येणार असेल तर येऊदे, पण ‘दम नाही’ हे ऐकून बोलावं वाटलं.

आम्ही चौघी गेलतो. पहिल्या दिवशी ग्रुपमध्ये अ‍ॅड केलं, दोनशे मेसेज, सगळे एकमेकांना टोपणनावानं हाका मारतायत, ‘त्या वेळचं झालं तसं करू’, ‘मागच्या वेळच्या ठिकाणी भेटू’. कुठलं ठिकाण? मी विचारलतं. उत्तर आलं ‘वर बघ’. वर बघितलं, मला अ‍ॅड करायच्या आधीचे मेसेज मला दिसतच नाहीत! परत विचारायची लाज वाटली. दुसऱ्या वेळी कोरड्या अन्नाची पाकिटं भरायला गेलो, तिथं एक काका म्हणाले तुम्ही पोरी तिकडं बसा, फोटो काढा. दोन तास बसलो. मी एनसीसी केलीय, मला गाठी मारता येतात, पोहता येतं. कुणी विचारलंच नाही की तुला काय येतं.

मग एकदा मी सुचवलतं की औषधांची यादी एका शीटमध्ये टाकूया, एक्स्पायरी कळेल. तर ‘हा विषय आधीच झालाय’. झाला असेल, पण काय झालं? कुठं लिहिलंय? कुणालाच सांगता येईना. वहिनी म्हणतायत तशी वही असती तर मी वाचली असती आणि गप्प बसले असते, किंवा नवीन काही असतं तर बोलले असते.

आणि एक सांगते, याच्या उलट काय झालं ते. त्याच वर्षी मी मराठी विकिपीडियावर आमच्या गावाच्या पानात भर घातली (२००३ पासनं आहे म्हणे तो, मला तेव्हाच कळलं). मी संदर्भ न देता लिहिलतं, मजकूर काढून टाकला कुणीतरी. पण माझ्या चर्चा पानावर लगेच एक निरोप, स्वागत आहे, तुमचा मजकूर का काढला ते असं असं, संदर्भ कसा द्यायचा ते इथं बघा, अडलं तर मला विचारा. त्यांच्याकडं इंग्रजीत तर म्हणे एक पानच आहे, नवख्यांना चावू नका अशा अर्थाचं, आणि समोरच्याचा हेतू चांगला धरून चाला असंही. माझं लिखाण उडवलं त्यांनी, तरी मी टिकले. पुराच्या ग्रुपनं माझं काहीच उडवलं नाही, तरी मी गेले.

---

रंकाळा_सायंकाळी

‘पोरी तिकडं बसा, फोटो काढा’ 🤦 हे वाचून राग आला पण आश्चर्य नाही वाटलं

---

निवृत्त_सुभेदार_कागल

बाळ, तू बरोबर लिहिलंस. गाठी येणारं माणूस फोटो काढायला बसवणं हा गुन्हा आहे. फौजेत नवीन रंगरूट आला की त्याला एक जुना ‘बडी’ लावून देतात. त्याचा बूट फाटला तरी आधी बडीला विचारतात. इथं तेच करा. आलेल्या प्रत्येकाला एक जुना माणूस, नावानिशी, आणि पहिल्याच आठवड्यात एक काम ज्याचा शेवट दिसतो. ‘मदत करा’ हे काम नाही. ‘हे वीस दोर तपास, कुजलेले बाजूला काढ, बाकीच्यांना गाठ मारून टांग’ हे काम आहे.

---

मास्तर_गारगोटी

चर्चा चांगली चाललीय. एकमत का मतदान यावर आपल्याच महाराष्ट्रातलं एक उदाहरण आहे ते कुणी काढलं नाही म्हणून लिहितो, नाहीतर आपल्याला सगळं परदेशातनंच आणायची सवय.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे, गोंड आदिवासींचं, छोटंसं. ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांचीच. वनहक्क कायदा २००६ चा, त्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते आहे, २००९ मध्ये, आणि जंगल थोडंथोडकं नाही, अठराशे हेक्टरच्या आसपास. तिथं ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढं ढकलतात, परत बसतात.

आता लोक इथंच थांबतात आणि म्हणतात वा वा, किती छान. पण असं केलं तर आमच्याकडं एक आडमुठा सगळं अडवून धरेल हे कुणीही सांगेल. त्यांची खरी युक्ती वेगळीच आहे. त्यांचे अभ्यास गट असतात. एखाद्या विषयावर ज्याला रस आहे तो येऊन बसतो, बाहेरचा जाणकारही चालतो, माहिती गोळा करायची, कायदा काय म्हणतो ते बघायचं, उलटसुलट बोलायचं. पण तिथं निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. म्हणजे जिथं वाद घालायचा तिथं जिंकायचं-हरायचं काही नसतं, त्यामुळं माणूस मोकळेपणानं मत बदलू शकतो. आणि ग्रामसभेत येईपर्यंत निम्मे मतभेद माहितीनंच विरघळलेले असतात.

तुमच्या बोटीकडं या नजरेनं बघा. पोलमध्ये विचारलं ‘घ्यायची का’. त्याआधीचे प्रश्न कुणी विचारले? चालवणार कोण, इंजिनाची सर्व्हिसिंग कोण करणार, दहा महिने बोट ठेवणार कुठं, उंदरांनी रबर कुरतडलं तर? जिल्हा प्रशासनाकडं बोटी आहेत, एनडीआरएफची तुकडी पुण्याहून येते ती आपल्या बोटी घेऊनच येते, मग आपली बोट नेमकी कुठल्या तासाला कामाला येणार? आणि दुसऱ्या बाजूनं, ती तुकडी यायच्या आधीचे जे तास असतात त्यांचं काय? यातलं काहीच मांडलेलं नसताना हो-नाही विचारलं तर माणसं बोटीला मत देत नाहीत, बोट म्हणणाऱ्या माणसाला देतात.

---

गावठी_डेव्हलपर

मास्तर, शेवटचं वाक्य आमच्या ऑफिसात फ्रेम करून लावतो.

अ‍ॅडमिनच्या शब्दाबद्दल राहिलं. पायथन ही कॉम्प्युटरची भाषा ज्यानं बनवली त्या ग्विडो व्हॅन रॉसम यांचा शब्द त्या प्रकल्पात वर्षानुवर्षं शेवटचा असायचा. २०१८ च्या जुलैत एका बारक्या सुधारणेवरनं इतकी वादावादी झाली की निर्णय त्यांच्या मनासारखा होऊनही त्यांनी ते पद सोडलं. आणि जाताना वारस नेमला नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. मग लोकांनी कारभाराचे वेगवेगळे आराखडे लिहिले, त्यावर मतदान केलं आणि २०१९ पासून पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ आहे. म्हणजे एकाचा शब्द शेवटचा असणं हे त्या एकालाही जड जातं. तुमच्या अ‍ॅडमिनला विचारून बघा, तोही वैतागलेला असेल, सगळे त्याच्याकडं बघतात आणि मग सगळे त्याच्यावरच खेकसतात.

---

सुतारवाडा_ते_शिरोली

सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. काल आम्ही सातआठ जण भेटलो, अ‍ॅडमिन पण होता, त्यानं हा धागा वाचला. आधी फुगला, मग सुभेदारसाहेबांचं ‘अ‍ॅडमिन शेवट’ वाचून हसला आणि म्हणाला करूया, मला पण रोज रात्री बारापर्यंत फोन नको आहेत.

सध्या पुरतं असं ठरवलंय. बोटीचा पोल रद्द नाही केला, पण खरेदी थांबवली. दोन बोटवाले आणि दोन जॅकेटवाले एकत्र बसून मास्तरांनी लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधून आणणार, तिथं निर्णय नाही. जो ग्रुप सोडून गेलाय त्याच्या घरी दोघं जाऊन आले. तो परत आला नाही अजून, पण बोट का नको ते त्यानं सांगितलं. त्याचं म्हणणं आंबेवाडीच्या बाजूला ओढ इतकी असते की नवशिक्यानं इंजिन लावून वळवायला गेलं तर बोट आडवी होते, आधी शिकवा मग विकत घ्या. हे वाक्य ग्रुपवर कुणीच टाकलं नव्हतं!

इशारा पातळीच्या वर हुकूम कोणाचा याची यादी करतोय. तिथं मात्र अडलंय, चिखलीच्या बाजूला दोघांना व्हायचंय आणि सुतारवाड्याला कुणालाच नाही. ७२ तासांचा नियम बाकीच्या कामाला घेतला, पण जुन्यातल्या एकानं विचारलं की प्रत्येक गोष्टीला तीन दिवस थांबलो तर चाऱ्याचा भाव वाढलेला असतो. त्यावर रकमेची मर्यादा घालायचं चाललंय, अमुक रकमेच्या आत असेल तर साठा सांभाळणाऱ्यानंच ठरवावं, नंतर सांगावं.

नवीन पोरांना मत द्यायचं का यावर अजून दोन तट आहेत. बोलायला पहिलं त्यांनाच द्यायचं एवढ्यावर सगळे तयार झाले.

@नवीनच_आलेली, तुला वाईट वाटलं असेल त्याला आम्ही काय करणार, ते काका आमच्यातले नव्हते पण आमच्यातही तसले काका आहेत. तुझी मैत्रिणींसकट यायची तयारी असेल तर औषधांची शीट आम्हाला पाहिजे आहे. बडी म्हणून आमच्यातली एक नर्स आहे, तिचा नंबर मेसेजमध्ये देतो.

---

नवीनच_आलेली

शीट करते. पण एक अट, औषधं कुठं ठेवलीत ती जागा मला स्वतः बघायची आहे, फोटो नको 😄 आणि दोराच्या गाठी पण बघणार.

---

उत्तरेश्वर_वहिनी

सगळं छान, आता नको तो प्रश्न विचारते. ते देणगीचे पैसे आत्ता कुणाच्या खात्यात आहेत?

---

सुतारवाडा_ते_शिरोली

वहिनी, नोंदणी नाही ना, ग्रुपच्या नावानं खातं काढलेलंच नाही. अ‍ॅडमिनच्याच खात्यात आहेत.

---

उत्तरेश्वर_वहिनी

वाटलंच. मग तुम्ही कितीही फेऱ्या घ्या आणि हुंकार काढा, शेवटी चेकवर सही त्याची, म्हणजे निर्णय त्याचाच. त्याचा हेतू चांगला आहे हो, मी त्याच्यावर काही म्हणत नाही, उद्या त्यालाच इन्कम टॅक्सवाले विचारतील हे पैसे कसले. सात माणसं लागतात संस्था नोंदवायला, १८६० चा कायदा आहे सोसायटी नोंदणीचा, आणि आपल्याकडं त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. ते करायचं का नाही ते तुम्ही ठरवा, कारण मग हिशोब, ऑडिट, बदल अर्ज सगळं मागं लागतं आणि तुमच्यासारख्यांचा निम्मा वेळ त्यातच जातो. पण तोपर्यंत निदान दोघांच्या सहीचं जॉइंट खातं काढा आणि पैसे कुठं आहेत ते महिन्यातनं एकदा ग्रुपवर टाका. आणि ज्यांनी रक्कम दिली त्यांना खरेदी थांबलीय हे कळवलं का कुणी?

---

सुतारवाडा_ते_शिरोली

नाही. आज संध्याकाळी फोन करतो.

---

निवृत्त_सुभेदार_कागल

फोन करताना बोटीचं काय ठरलं विचारतील. चौघांचं उत्तर येईस्तोवर ‘बघतोय’ म्हणा, कुठलीच बाजू घेऊ नका. आणि सुतारवाड्याला कोण होत नसेल तर मला सांगा, कागलहून यायला अर्धा तास लागतो, हायवे बंद व्हायच्या आत येऊन थांबतो.